चालतें घर आणि बीबीची वाट

बुलढाणा जिल्ह्यांतील माणूस आपल्या गांवाची ओळख सांगूं लागला कीं तें घाटावरचें कीं घाटाखालचें, हें बहुधा प्रथम सांगतो. घाटाखालीं पूर्णेचें खोरें, काळी कसदार जमीन, कापूस आणि आगगाडी. घाटावर पठार, नाले, मुरूम आणि लांबच्या वाटा. लोणार तालुक्यांतील बीबी हें गांव घाटावरचें. नागपुराहून मुंबईकडे जाणारा जुना रस्ता मेहकर, सुलतानपूर असा येऊन बीबीवरून दुसरबीड व सिंदखेडराजाकडे वळतो आणि पुढें जालन्यास जातो. या गांवाच्या उत्तरेस, पुष्कळ अंतरावर, जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला व १८७० सालीं त्यास खामगांवची शाखा जोडली गेली. दक्षिणेस मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी १९०० सालच्या सुमारास जालन्यावरून धांवूं लागली. दोन लोहमार्गांच्या मधला हा पट्टा मात्र तसाच राहिला. ज्या पिढ्यांत इतर ठिकाणचे लोक तिकीट काढून डब्यांत बसावयास शिकले, त्या पिढ्यांत बीबीकडील कुटुंबप्रमुखास दूरच्या प्रवासाचें वाहन स्वतःच निवडावें लागे, आणि तें चुकलें तर त्याचे परिणाम म्हाताऱ्यांस व तान्ह्या मुलांस भोगावे लागत.

हल्लीं जुनी मोटार विकत घ्यावी, तींत निजण्याची व रांधण्याची सोय करावी आणि मुलाबाळांसह चार प्रांत पाहून यावें, अशी हौस शहरांतील मराठी कुटुंबांत दिसूं लागली आहे. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅरव्हॅन-पर्यटनाचें धोरणहि जाहीर केलें. ही कल्पना परकी आहे अशी पुष्कळांची समजूत आहे. वस्तुतः परकी आहे ती मोटार. चाकांवरच्या किंवा बैलांच्या पाठीवरच्या घराचा अनुभव या वाटेला फार जुना आहे, आणि जुनें वाहन निवडणाराने तो ध्यानांत घेतल्यास त्याचे पैसे व कदाचित् त्याहून मोलाचें कांहीं वांचण्यासारखें आहे.

चालत्या घराचा सर्वांत मोठा व्यवहार ज्यांनीं केला ते बंजारा लोक. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर गोणींत भरून ते शेंकडों कोस नेत; या व्यापारास ते लदेणी म्हणत. बायकामुलें, भांडीं, पांघरुणें, कुत्रीं सारा संसार तांड्याबरोबर चाले. सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत अनेक वेळां येऊन गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानें दहा-दहा, बारा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. अरुंद वाटेंत असा तांडा समोरून आला तर तो निघून जाईपर्यंत दोन-तीन दिवस थांबून राहावें लागे, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. फौजांचें पोट याच लोकांवर भरे. बीबीच्याच मुलखांतील साखरखेर्डा येथें १७२४ सालीं निजामुल्मुल्क व मुबारिझखान यांची लढाई झाली; १८०३ सालीं जालन्याच्या बाजूस असई येथें वेलस्ली व शिंदे-भोसले यांची झाली. वेलस्लीच्या सैन्याचें धान्य मोठ्या अंशीं बंजाऱ्यांच्या बैलांवरूनच येत असे.

याच ताव्हेर्नियेनें वाहनाच्या निवडीसंबंधीं केलेल्या सूचना आजहि वाचण्यासारख्या आहेत. बसावयाचा बैल घेतांना त्याचीं शिंगें एक फुटाहून लांब नसावींत. कारण माशी चावली कीं बैल मान मागें झटकतो आणि लांब शिंगें स्वाराच्या पोटांत शिरतात. दोन बैलांच्या हलक्या गाडींत दोघांस बसतां येई. परंतु पुष्कळ लोक एकटेच बसणें पसंत करीत, म्हणजे कपड्यांस जागा राही, आणि खाण्यापिण्याची पेटी गाडीच्या तळाशीं ठेवीत. भाडें दिवसाला सुमारें एक रुपया पडे, आणि सुरतेहून आग्र्यास पस्तीस ते चाळीस दिवस लागत. सिंहासनांच्या रत्नांचा पारखी असलेला हा मनुष्य बैलाच्या शिंगांची लांबी मोजीत बसतो, यांत त्याचें व्यवहारज्ञान दिसून येतें.

रस्ते झाले, आगगाडी आली, आणि लदेणीचा व्यापार एका पिढींत बसला. पोटाचा धंदा गेल्यावर हिंडण्यास कारण उरलें नाहीं. तांडे गांवाच्या शिवेवर स्थिर झाले, आणि वऱ्हाडांतील अनेक वस्त्यांच्या नांवांत तांडा हा शब्द तेवढा राहिला. त्यांतच इंग्रज सरकारनें १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा केला व पुढें तो वाढवीत नेला. घर एका जागीं नाहीं हेंच संशयाचें कारण ठरलें. बंजारा समाजाच्या कांहीं शाखाहि या जाळ्यांत सांपडल्या. तो कायदा रद्द होण्यास १९५२ साल उजाडावें लागलें. ज्या राहणीबद्दल एकेकाळीं पोलिसांत हजेरी द्यावी लागे, त्याच राहणीची चार दिवसांची चव घेण्यासाठीं आज लोक लाखों रुपये मोजतात.

गांवकरी कुटुंबाचें चालतें घर म्हणजे बैलगाडी. परंतु ही गाडी सनातन काळापासून जशीच्या तशी चालत आली आहे, ही समजूत बरोबर नाहीं. दख्खनमध्यें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत गाड्या थोड्या होत्या, आणि त्यांची चाकें भरीव व बोजड असत, क्वचित् दगडाचींहि. १८३६ च्या सुमारास सोलापूर भागांत टेंभुर्णी येथें गेसफर्ड नांवाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें आऱ्यांच्या चाकांची सुधारलेली गाडी तयार करविली व तेथें गाड्यांचा कारखाना काढला. तशा हलक्या गाड्यांचा प्रसार झाला आणि मग खेड्यांतील सुतार-लोहारांनीं ती विद्या पूर्णपणें आपलीशी केली.

वऱ्हाडांत मालाच्या गाडीस बंडी म्हणतात. माणसांसाठीं दमणी, रेंगी, छकडा अशीं हलकीं वाहनें असत. या नांवांचा अर्थ गांवोगांव थोडा बदलतो, परंतु तीं सर्व दोघांतिघांचीं, चपळ बैलांचीं आणि दिसण्यांत देखणीं. लेकीला माहेरीं आणावयास दमणी, बाजाराला रेंगी. पण देऊळगांवराजाच्या बालाजीच्या यात्रेला, किंवा त्याहून लांब पंढरपुरास सारें बिऱ्हाड घेऊन निघावयाचें झालें कीं रंगीत दमणी घरीं राही आणि शेणखत वाहणारी बंडीच धुवून पुसून उभी केली जाई. तिच्या साट्यावर बांबूच्या कमानी बसवीत, त्यांवर तट्ट्या व घोंगडी घालीत. खालीं कडब्याचा जाड थर, त्यावर वाकळा. कडबा ही गादी आणि तीच बैलांची शिदोरी. जसजसा प्रवास होई तसतशी गादी पातळ होत जाई. गाडीखालीं कंदील आणि पाण्याची घागर टांगलेली असे.

गाडी पारखण्याची रीत मोठी कसोशीची होती. छत, रंग, घुंगुरमाळा यांकडे जाणता मनुष्य अगोदर पाहत नसे. तो खालीं वांकून आंस पाही, तुंब्यांत हात घालून झीज पाही, आऱ्यांवर काठीनें ठोकून आवाज ऐके. उन्हाळ्यांत लांकूड आटतें आणि लोखंडी धाव सैल होते. तशी गाडी रात्रभर नाल्याच्या पाण्यांत उभी केली कीं लांकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसे. हा उपाय एका मुक्कामापुरता. धाव तापवून पुन्हा चढविणारा लोहार किंवा वाटेंत भेटणारा घिसाडी कोणत्या गांवीं गांठ पडेल, हें ठाऊक असल्याखेरीज दूरचा रस्ता कोणी धरीत नसे. बैलांच्या खुरांस पत्र्या मारलेल्या आहेत कीं नाहींत, जोडीची चाल सारखी आहे कीं एक पुढें ओढतो, कोणाचा खांदा सुजला आहे काय, हें सर्व निघण्याच्या आदल्या दिवशीं पाहिलें जाई.

चाकोरी हा शब्द आज आपण केवळ अलंकारिक अर्थानें वापरतों. काळ्या जमिनींतील कच्च्या रस्त्यावर ती प्रत्यक्ष वस्तु होती. शेंकडों गाड्यांच्या चाकांनीं पडलेल्या दोन खोल चरांत आपल्या गाडीचीं दोन्ही चाकें बसलीं पाहिजेत. गाडीची रुंदी वेगळी असली तर एक चाक चरांत आणि दुसरें कांठावर, असें तिरपें जावें लागे, आणि आंतल्या माणसांचीं हाडें खिळखिळीं होत. म्हणून गाडी कितीहि मजबूत असली तरी ती त्या मुलखाच्या चाकोरीची आहे कीं नाहीं, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न वजनाचा. वजन किती यापेक्षांहि तें कोठें आहे याचा. मागच्या बाजूस ओझें अधिक झालें कीं धुरा वर उचलली जाते, जू बैलांच्या मानेवरून सुटूं पाहतें. यास गाडी उलाळ होणें म्हणतात. पुढें ओझें अधिक झालें तर बैलांचे खांदे फुटतात. पेट्या, धान्य, म्हाताऱ्या आजीबाई आणि मुलें यांस आंसाच्या दोन्ही बाजूंस तोलून बसविणें हें घरांतील कर्त्या माणसाचें कसब असे. चढाला मुलें उतरून चालत आणि उताराला बहुधा सर्वच उतरत.

या वाटेस आणखी एक अडचण होती, ती राजकीय. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यांत गेलें, पण जालना १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यांत राहिलें. सिंदखेडराजा सोडून जालन्याची आगगाडी गांठावयाची म्हणजे सरहद्द ओलांडणें आलें, आणि तेथें करोडगिरीचा नाका. बांधून, तोलून बसविलेलें सामान तेथें उघडावें लागे.

इकडे बंड्या अशा चालत असतां इंग्लंडांत १८८५ सालीं गॉर्डन स्टेबल्स नांवाच्या आरमारांतून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरानें केवळ हौसेच्या प्रवासासाठीं चाकांवरचें घर बांधून घेतलें. ‘वाँडरर’ म्हणजे भटक्या हें त्याचें नांव. ब्रिस्टल येथील कारखान्यांत तयार झालेली ती गाडी उत्तम महागनी लांकडाची होती. बरोबर नोकर, गाडीवान, कुत्रा आणि काकाकुवा. दोन घोड्यांनीं ती बर्कशरपासून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत ओढत नेली. परंतु तिचें वजन जवळजवळ दोन टन होतें, आणि प्रत्येक चढाव ही त्या डॉक्टरास चिंता होती. घर सुंदर झालें कीं तें जड होतें, ही हौशी प्रवाशांची अडचण तेव्हांपासूनची आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत वऱ्हाडच्या रस्त्यांवर मोटारी आल्या. मालाच्या मोटारीच्या सांगाड्यावर स्थानिक सुतारानें लांकडी बांक व छप्पर बसविलें कीं ती प्रवासी मोटार होई. बंडीवर तट्ट्या चढविण्याचीच ही रीत. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल दुर्मिळ झालें तेव्हां मागें शेगडीसारखी टांकी लावून कोळशाच्या वायूवर मोटारी चालवीत. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जुन्या मालमोटारी विक्रीस निघाल्या. पुढें तंबूंतील सिनेमे आणि तमाशाचे फड अशाच मालमोटारींतून गांवोगांव हिंडूं लागले. यंत्र, पडदा, पेट्या, स्वयंपाक आणि झोपणें हें सर्व मोटारींतच किंवा मोटारीखालीं. महाराष्ट्रांतील खरी मोटारघरें पाहावयाचीं तर तीं हीं होत. धोरणांत त्यांचें नांव कोणी घेत नाहीं.

कुटुंबाच्या उपयोगाची जुनी गाडी म्हणून दोन नांवें विशेष घेतलीं जातात. एक परदेशी फोक्सवागेनची व्हॅन. ती १९५० सालीं निघाली आणि पुढच्याच वर्षीं वेस्टफालिया कारखान्यानें तींत बिछाना व कपाटें बसविण्याचा संच तयार केला. साठ-सत्तरच्या दशकांत युरोपांतील तरुण अशा गाड्या तुर्कस्थान, इराण, अफगाणिस्थान या मार्गानें हांकीत गोव्याच्या किनाऱ्यापर्यंत आणीत. १९७९ च्या इराणी क्रांतीनें व अफगाण युद्धानें तो मार्ग बंद पडला. दुसरी गाडी मराठी मुलखांतलीच. पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पो कारखान्यानें १९६९ सालीं जर्मन नमुन्यावरून मॅटाडोर काढली, आणि पुढील तीस वर्षें दूध, वऱ्हाडी, शाळेचीं मुलें आणि यात्रेकरू यांची ने-आण तिनें केली.

फोक्सवागेन पाहतांच मनांत भरते. पण तिचें इंजिन पाण्यानें नव्हे तर वाऱ्यानें थंड होणारें. मे महिन्यांत विदर्भाच्या उन्हांत पूर्ण भरलेली गाडी घाट चढूं लागली कीं त्याची परीक्षा होते. शिवाय तिचा एखादा भाग तुटला तर तो मेहकरास मिळणार नाहीं. मॅटाडोर कुरूप, आवाज मोठा. परंतु तिच्यांत पुढें जें मर्सिडीझ जातीचें डीझेल इंजिन बसूं लागलें तेंच ट्रॅक्स व ट्रॅव्हलर गाड्यांत वर्षानुवर्षें चाललें. तें उघडून जोडणारा मनुष्य तालुक्याच्या गांवीं भेटण्याचा संभव पुष्कळ. ही चाकोरीची गोष्ट झाली. उलाळाचीहि आहे. मॅटाडोरचीं पुढचीं चाकें ओढणारीं. त्यामुळें तळ सपाट व खालीं मिळतो, घर करावयास तो फार सोयीचा. पण मागच्या टोकास पाण्याची टांकी, पेट्या व पलंग भरले कीं चढावर पुढचीं चाकें हलकीं होऊन जागच्या जागीं फिरूं लागतात. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझें. तें दोन आंसांच्या मधोमध आणि खालीं असावें.

जुन्या गाडीची तपासणी बंडीप्रमाणेंच खालून सुरू करावी. सांगाड्यास आंतून गंज आहे काय. ब्रेक जुन्या पद्धतीचे, एकाच नळीवर चारहि चाकांचे आहेत काय, कारण तशी नळी फुटली कीं सर्वच गेले. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्यें आवरते कीं केवळ ब्रेकवर. टायरची नक्षी शाबूत दिसली म्हणून समाधान मानूं नये. वर्षानुवर्षें उभ्या राहिलेल्या गाडीचें रबर कडक होऊन चिरतें; २००० सालापासून टायरच्या बाजूवर चार आंकड्यांत आठवडा व वर्ष छापलेलें असतें, तें वाचावें. आंत गॅसची शेगडी असेल तर हवा खेळण्यास कायम उघडीं भोकें हवींत. बंद गाडींत शेगडी पेटवून झोंपणें जिवावर बेतणारें आहे. आणि मुलांसाठीं आडव्या बांकांऐवजीं पट्ट्याच्या, समोर तोंड असलेल्या जागा बसवून घ्याव्या, मग त्यासाठीं एक पलंग कमी झाला तरी चालेल.

कायद्याचीहि एक गंमत आहे. २०२१ च्या जुलैंत केंद्र सरकारनें केलेल्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपांत राखलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवितां येते; तिला निराळा क्रमांक मिळतो. परंतु तशी गाडी नित्याच्या प्रवासास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणावी लागते. म्हणजे तो मान घेतला कीं प्रवास गेला. ज्यास कुटुंबासह हिंडावयाचें आहे त्यानें गाडीची साधीच नोंदणी राखावी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी तपासणी करून पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. आंत पलंग-कपाटें बसवून गाडीचें स्वरूप बदलावयाचें तर परिवहन कार्यालयाची परवानगी अगोदर घ्यावी.

एक गोष्ट मात्र बंडी पारखणारास कधीं पाहावी लागली नाहीं, ती म्हणजे दार. बंडी पुढून मागून उघडी. उलटली तरी माणसें बाहेर फेंकलीं जात. बंद मोटारीचें तसें नाहीं. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग बीबीच्या याच मुलखांतून गेला आहे. सातशें एक किलोमीटरांच्या त्या मार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्यें खुला झाला. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर नागपुराहून पुण्यास निघालेली एक खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यांत पिंपळखुटा येथें उलटून पेटली. ती ज्या अंगावर पडली त्याच अंगास तिचें दार होतें. पंचवीस माणसें आंत जळून मेलीं; जीं थोडीं वांचलीं त्यांपैकीं कांहीं कांचा फोडून बाहेर आलीं. निजण्याची सोय असलेलें कोणतेंहि वाहन निवडतांना ही रात्र विसरून चालणार नाहीं. गाडी डाव्या अंगावर पडली तर कोठून निघावयाचें आणि उजव्या अंगावर पडली तर कोठून, हें तींतील प्रत्येकास, सहा वर्षांच्या मुलासहि, ठाऊक असावें. मागचें दार कपाट बसवून बंद करण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे, ती सोडावी. खिडकीजवळ कांच फोडण्याचा हातोडा आणि पलंगाशेजारीं, शेगडीपासून दूर, आग विझविण्याचें नळकांडें असावें.

समृद्धि महामार्गावर मोटारी ताशीं शंभर-सव्वाशें किलोमीटरांच्या वेगानें जातात. पन्नास वर्षांच्या मॅटाडोरनें त्यांच्यांत शिरणें तिलाहि बरें नाहीं आणि इतरांसहि नाहीं. तिच्यासाठीं मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, सिंदखेडराजा हा जुना रस्ता आहेच. लांबच्या वाहतुकीचा मोठा भाग नव्या मार्गावर गेल्यानें त्यास थोडी उसंतहि मिळाली आहे. सकाळीं उन्हापूर्वीं मेहकर सोडावें, लोणारचें सरोवर पाहावयाचें असेल तर सुलतानपुरावरून तिकडे वळावें, आणि इंजिनचा आवाज बदलला असें वाटलें तर दिवस मावळण्याची वाट न पाहतां पुढच्याच गांवीं गाडी उभी करावी.